१८६५० सेलचं वेष्टन फाटलं: वापरायचा, पुन्हा गुंडाळायचा की टाकायचा?

सह्यभटक्या (धागाकर्ता)
मंडळी, टॉर्चसाठीचे तीन १८६५० (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी) सेल आहेत. लिथियम-आयन, चार्ज करून वापरायचे. तिघांचंही बाहेरचं प्लास्टिक फाटलंय, पण वेगवेगळ्या जागी.

पहिल्याचा प्लसच्या कडेला साधारण ३ मिमीचा टवका उडालाय आणि आतली पांढरी चकती दिसते. दुसऱ्याच्या अंगावर २ सेमीचा उभा ओरखडा आहे, खाली चकाकता धातू दिसतो. तिसऱ्याची तळाची, म्हणजे मायनसकडची कडा सुटून आलीय.

तिघांचं व्होल्टेज ३.८ च्या आसपास आहे. फुगलेले नाहीत, चार्ज होताना गरम होत नाहीत. असे वापरले तर चालतात का? वर चिकटपट्टी गुंडाळली तर पुरेल का? उघड्या धातूला हात लागला तर झटका बसतो का? टॉर्च दोन आहेत, एक एका सेलची आणि एक दोन सेल एकामागे एक घालायची. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या.

मिलिओहम
झटक्याचं आधी संपवू. ४.२ व्होल्टने कोरड्या हाताला काही कळतसुद्धा नाही. भीती शॉर्टची आहे आणि त्यासाठी सेलची रचना माहीत हवी.

दंडगोल लिथियम सेलची डबी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. तळच नव्हे, ही अख्खी डबी मायनस असते. बाजू मायनस, आणि वर प्लसच्या टोपीभोवती जो दुमडलेला कंगोरा दिसतो तोही मायनस. प्लस म्हणजे फक्त मधली टोपी. टोपी आणि कंगोरा यांच्यामध्ये प्लास्टिकचं गॅस्केट (वीज अडवणारी कडी) असतं, जेमतेम एखाद मिमीचं. त्या कंगोऱ्याला आपण इथे खांदा म्हणू.

बरेच जण वरचं टोक प्लस, खालचं टोक मायनस आणि मधलं नुसतं कवच असं धरून चालतात. म्हणून वरच्या कडेचा बारीकसा टवका त्यांना किरकोळ वाटतो आणि अंगावरचा लांबलचक ओरखडा भयंकर वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं.

वेष्टन पीव्हीसीचं, जाडी ०.१ मिमीच्या आसपास. खांद्यावर त्याच्याखाली आणखी एक चकती असते, पांढरी किंवा राखाडी. प्लस आणि मायनस यांच्यात बाहेरच्या बाजूने एवढंच संरक्षण. एखादी किल्ली, चुंबक किंवा टॉर्चची पितळी पट्टी टोपी आणि खांदा दोघांना एकदम टेकली की झालं. जास्त करंट देणाऱ्या चांगल्या सेलचा अंतर्गत रोध १५ ते ३० मिलिओहम असतो. ४.२ व्होल्ट भागिले ०.०२५ ओहम (म्हणजे २५ मिलिओहम) करा, उत्तर दीडशे अँपिअरच्या वर जातं. व्यवहारात जोडणीचा रोध मध्ये येतो म्हणून एवढा वाहत नाही, पण किल्ली लाल व्हायला त्याच्या निम्मासुद्धा पुष्कळ.

तेव्हा तुमचा पहिला सेल आत्ता, लगेच, बाजूला ठेवा. प्लसवर चिकटपट्टीचा तुकडा लावून प्लास्टिकच्या डबीत. पट्टी एवढ्यापुरतीच, वापरण्यासाठी नाही.

कथिल
मिलिओहमशी सहमत. पण "अंगावरचा ओरखडा बिनधोक" असा अर्थ कुणी काढू नये. तो कोणत्या उपकरणात आहे त्यावर सगळं ठरतं.

एका सेलची अ‍ॅल्युमिनियम टॉर्च घ्या. तिची नळी मायनसची तार म्हणून काम करते. सेलचा तळ, शेपटीची स्प्रिंग, शेपटीचा स्विच, नळी, डोकं असा मार्ग. अंगावर ओरखडा असेल तर उघडी डबी नळीला टेकते. मायनसला मायनस, म्हणजे शॉर्ट नाही. मात्र स्विचला वळसा पडतो. स्विच बंद करूनही टॉर्च जळत राहते किंवा पिशवीत हलली की आपोआप लागते. शेपटी अर्धी उघडून ठेवायची युक्तीही मग चालत नाही. हजारभर ल्युमेनची टॉर्च कपड्यांत गुंडाळलेली असताना लागली तर कापड करपतं. (नळी आतून अ‍ॅनोडाइज केलेली असेल तर तो थर वीज अडवतो, पण सेल आतबाहेर सरकून सरकून तो खरवडला जातो. त्याच्या भरवशावर राहू नये.)

आता दोन सेलची टॉर्च. इथे खरी गोम आहे. शेपटीकडच्या सेलची डबी आणि नळी एकाच पातळीवर. पण डोक्याकडच्या सेलची डबी ही शेपटीच्या सेलच्या प्लसला टेकलेली असते, म्हणजे नळीपेक्षा ३.७ व्होल्टने वर. तिचं वेष्टन फाटून ती नळीला टेकली की शेपटीचा सेल थेट शॉर्ट. स्विच शेपटीला असेल तर बंद असताना शॉर्ट होत नाही, आणि बटण दाबल्याक्षणी सगळा करंट स्प्रिंग आणि स्विचमधून जातो. आधी स्प्रिंग तापून बसते, मग स्विच वितळतो. स्विच डोक्याला असेल तर बटण दाबायचीही गरज नाही.

म्हणजे तुमचा दुसरा सेल एका सेलच्या टॉर्चमध्ये त्रासदायक, दोन सेलच्या टॉर्चमध्ये डोक्याकडे घातला तर धोकादायक, आणि प्लास्टिकच्या चार्जरमध्ये निरुपद्रवी. सेल तोच, ओरखडा तोच.

रातकिडा
एवढं काय घाबरवताय राव लोकांना. काळी इन्शुलेशन टेप दोन वेढे मारली की काम भागतं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल सगळे असेच वापरतात.

मिलिओहम
@रातकिडा, वापरतात हे खरं. टेपचा त्रास कुठे होतो ते सांगतो.

साधी पीव्हीसी टेप ०.१२ ते ०.१५ मिमी जाड. दोन वेढे म्हणजे व्यासात अर्धा मिमीच्या वर भर. १८ मिमीच्या सेलसाठी बनवलेल्या घट्ट नळीत तो अडकतो, आणि अडकलेला सेल बाहेर काढायला लोक स्क्रूड्रायव्हर घालतात. टेपचा गोंद ५०-६० अंशांला मऊ होतो, जोरात चालणाऱ्या टॉर्चच्या आत तेवढं तापमान सहज होतं. मग टेप घसरते, कडेला चिकट पदार्थ बाहेर येतो, स्प्रिंगवर जातो. आणि मुख्य म्हणजे सपाट टेप खांद्यावर नीट वळत नाही, घड्या पडतात आणि त्या सुटतात. जिथे सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच ती कुचकामी.

कॅप्टन टेप (पिवळट पॉलिइमाइडची) पातळ असते आणि उष्णतेला दाद देत नाही. अंगावरच्या ओरखड्यावर चार दिवस ढकलायचे असतील तर ती चालेल. पण धारेवर घासली की तीही चिरते. नेलपॉलिश, फेव्हिक्विक, हॉट ग्लू यांपैकी काहीही खांद्यावर नको. टोपीच्या कडेखाली वायू बाहेर पडायची भोकं असतात. सेल आतून तापला तर वायू तिथूनच सुटायला हवा. ती भोकं बुजवलेला सेल म्हणजे फटाका.

उष्णतेने आवळणारी स्लीव्ह बाजारात सेलच्या मापाने कापून मिळते आणि सेलच्या किमतीपुढे तिची किंमत नगण्य आहे. मग टेपवर अडायचं कशाला?

सह्यभटक्या
कथिल, दोन सेलच्या टॉर्चचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.
एक विचारायचं राहिलं. तिसरा सेल (तळाची कडा सुटलेला) मोजला तर ६९ मिमी लांब भरतोय, बाकीचे ६५. आणि वेष्टनावरून बोट फिरवलं की एका बाजूला उभी, चपटी पट्टीसारखी उंचवट्याची रेघ लागते. हे काय आहे?

कथिल
थांबा! त्या सेलचं वेष्टन नखानेसुद्धा सोलू नका.

तो प्रोटेक्टेड सेल आहे. मूळ ६५ मिमीच्या सेलच्या तळाला सेलचं रक्षण करणारं (शॉर्ट झाला की करंट तोडणारं) एक गोल सर्किट बसवलेलं असतं, म्हणून लांबी ६८ ते ७० मिमी होते. त्या सर्किटला प्लसचीही गरज असते, त्यासाठी वरच्या टोपीपासून तळापर्यंत अंगावरून एक निकेलची पट्टी आणलेली असते. तुम्हाला लागणारी रेघ तीच. विचार करा, प्लसची पट्टी मायनसच्या डबीवरून उभी उतरतेय आणि दोघांत फक्त एक पातळ चिकट फिल्म. वरच्या वेष्टनाने ती जागेवर दाबून धरलेली असते.

या सेलचं वेष्टन पट्टीच्या बाजूला फाटलं तर पट्टी हलते, फिल्म घासते आणि शॉर्ट होतो. तो शॉर्ट सर्किटच्या आधीच्या बाजूला असल्यामुळे ते सर्किट काहीच करू शकत नाही. ब्लेडने वेष्टन कापायला गेलात तर पात्याने फिल्म कापली जाते, आणि पातं स्वतःच प्लस-मायनस जोडतं. तळाची कडा सुटली असेल तर सर्किटही सैल होऊ शकतं, ते नुसत्या दोन बारीक जोडांवर टेकलेलं असतं.

माझं मत: प्रोटेक्टेड सेलची तळाची कडा सुटली आणि सर्किट हलवल्यावर किंचितही डुगडुगतंय, तर तो टाका. डुगडुगत नसेल, पट्टीची बाजू पूर्ण झाकलेली असेल, तर जुनं वेष्टन न काढता त्यावरूनच नवीन पारदर्शक स्लीव्ह चढवता येते. ६९ मिमीच्या सेलला ७२ मिमीची कापलेली स्लीव्ह पुरत नाही, लांब नळी घेऊन ७७-७८ मिमी कापा.

आडकित्ता
स्लीव्ह कशी चढवायची ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. हे फक्त साध्या, सर्किट नसलेल्या सेलसाठी.

माप आधी. स्लीव्ह चपटी करून तिची रुंदी मोजतात. १८ मिमी व्यासाच्या सेलचा परीघ साडेछप्पन मिमी, त्याचा निम्मा सव्वाअठ्ठावीस, म्हणून १८६५० ला साधारण २९.५ ते ३० मिमी रुंदीची लागते. २१७०० ला ३४-३५ मिमी. पेन्सिल सेलच्या मापाला (१४५०० किंवा एए) २३ मिमी. दुकानात "१८ मिमीची द्या" म्हणालात तर १८ मिमी चपट्या रुंदीची हातात पडेल, ती सेलवर चढणारच नाही. लांबी सेलपेक्षा ७ मिमी जास्त, कारण आवळताना ती थोडी आखूडही होते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे सुट्या मिळतात. सोबत प्लसच्या चकत्या मागून घ्या. बॅटरी पॅक बांधणारे त्यांना बार्ली पेपर म्हणतात. चकतीचं भोक टोपीपेक्षा जरासं मोठं हवं आणि खांद्याच्या आतल्या कडेपेक्षा लहान, म्हणजे खांदा पूर्ण झाकला जातो आणि टोपी मोकळी राहते.

सेल आधी उतरवा, ३.६ ते ३.७ व्होल्टपर्यंत. टॉर्च चालवून उतरतो. फुल भरलेल्या सेलवर हे काम नको. चूक झालीच तर कमी भरलेला सेल कमी तापतो. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. टेबल लाकडी असावं, त्यावर चिमटे, नट-बोल्ट पसरलेले नसावेत. आणि एका वेळी एकच सेल उघडा. तीन उघडे सेल टेबलावर गडगडत एकमेकांच्या टोप्यांना लागले तर पंचाईत.

काढण्याआधी वेष्टनावरच्या अक्षरांचा स्पष्ट फोटो काढा. मॉडेल क्रमांक आणि करंटची मर्यादा वेष्टनावरच छापलेली असते. ते गेलं की आत धातूवर फक्त कारखान्याची बॅच-अक्षरं उरतात. एखादा नामवंत कंपनीचा १५ अँपिअरचा सेल आणि ५ अँपिअरचा सेल, दोन्ही सोलल्यावर हुबेहूब सारखे दिसतात.

सोलायला तळापासून सुरुवात करा. तळाची कडा नखाने किंवा प्लास्टिकच्या गिटार-पिकने उचला आणि उभी चीर देत वर जा. धातूचं पातं वापरायचंच असेल तर ते अंगाच्या मध्यावर, डबीला समांतर, आणि खांद्याच्या १ सेमी आधी थांबायचं. वरचा भाग हातानेच ओढून काढा. जुनी चकती मऊ पडली असेल, काळवंडली असेल तर तीही काढा.

आता डबी नीट बघा, कारण अशी संधी पुन्हा येत नाही. आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा, पाणी नको. खांद्याच्या दुमडीत पांढरट किंवा तेलकट काही आहे का? थिनरसारखा गोडसर वास येतोय का? गंजाने खड्डे पडलेत का? डबी कुठे चेपली आहे का? यातलं काहीही "हो" असेल तर स्लीव्ह चढवू नका. नवीन वेष्टन घालून तो सेल फक्त चांगला दिसेल.

सगळं ठीक असेल तर नवी चकती खांद्यावर मधोमध बसवा (मागे गोंद असतो, नसला तरी चालतं, स्लीव्ह धरून ठेवते). स्लीव्ह घाला, दोन्ही टोकांना सारखीच बाहेर राहू द्या, साधारण साडेतीन-साडेतीन मिमी. हेअर ड्रायर पूर्ण गरमवर. आधी प्लसची कडा, सेल बोटांत फिरवत, म्हणजे चकती जागेवर पकडली जाते. मग तळाची कडा, शेवटी मधला भाग, मधून बाहेरच्या दिशेने, नाहीतर हवेचा फुगा राहतो. एकूण १५-२० सेकंदांचं काम. तळ गरम असतानाच सपाट लाकडावर दाबा, सुरकुत्या बसतात.

गार झाल्यावर तपासणी. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक टोपीवर, काळं टोक वेष्टनावरून हलक्या हाताने सगळीकडे फिरवा, खांद्याच्या कडेवर विशेष. कुठेही आकडा ३ च्या पुढे गेला तर तिथे भोक आहे. दाबू नका, नाहीतर भोक तुम्हीच पाडाल. शेवटी मार्करने मॉडेल, क्षमता आणि + ची खूण.

रातकिडा
हेअर ड्रायर नसला तर? हीट गन चालेल? किंवा गॅस लायटर?

आडकित्ता
हीट गन चालेल, पण सर्वांत कमी तापमानावर आणि १५ सेमी लांबून. ही पीव्हीसी साधारण ८० ते १०० अंशांत आवळते. हीट गन ३००-५०० अंशांची हवा फेकते, एका जागी धरली की स्लीव्हला भोक पडतं आणि खालचं गॅस्केटही तापतं. दोन-चार सेकंद हवेचा झोत लागला म्हणून सेलच्या आत काही होत नाही, डबी आणि आतली गुंडाळी तापायला वेळ लागतो. पण हाताला सोसवत नाही इतका सेल तापला तर थांबा, गार होऊ द्या.

लायटर, मेणबत्ती, गॅसची शेगडी: अजिबात नाही. उकळतं पाणी सुचवणारेही भेटतात, तेही नाही.

चार्जिंगपॉइंट
इलेक्ट्रिक सायकली आणि स्कूटरच्या पॅकचं काम करणाऱ्यांसाठी थोडी भर. सुट्या सेलपेक्षा पॅकमध्ये फाटकं वेष्टन जास्त घातक असतं, कारण ते दिसत नाही.

पॅकमध्ये सेलच्या प्लसवर निकेलची पट्टी स्पॉट-वेल्ड करतात. ती पट्टी शेजारच्या सेलकडे जाताना खांद्यावरूनच जाते. पट्टीची कापलेली कडा धारदार असते, रस्त्याच्या हादऱ्यांनी ती वेष्टनावर घासत राहते. चकती नसेल तर काही महिन्यांत पट्टी वेष्टन कापून खांद्याला टेकते, आणि तो एक सेल बाहेरून शॉर्ट. त्याला समांतर जोडलेले बाकीचे सेल मग आपला सगळा करंट त्याच जागेत ओततात. बीएमएसला (पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) हे कळत नाही, कारण करंट पॅकच्या बाहेर जातच नाही. म्हणून प्रत्येक प्लसवर बार्ली पेपरची चकती, अपवाद नाही. "कंपनीच्या सेलला आतून चकती असतेच" म्हणून वरची न लावणारे पॅकवाले असतात, त्यांच्याकडून काम करून घेऊ नका.

अंगावर फाटलेले दोन सेल एकमेकांना टेकले तर? दोन्ही एकाच समांतर गटातले असतील तर त्यांच्या डब्या मुळातच जोडलेल्या आहेत, फरक पडत नाही. शेजारी वेगवेगळ्या गटांतले असतील तर मधला फरक ३.७ व्होल्ट किंवा जास्त. ४८ व्होल्टच्या १३ गटांच्या पॅकमध्ये (फुल ५४.६ व्होल्ट) रांगा नागमोडी वळवलेल्या असतात, आणि वळणाजवळ पहिल्या रांगेचा सेल शेवटच्या रांगेला चिकटून बसतो. तिथे २०-३० व्होल्टचा फरक सहज निघतो. रांगांमध्ये फिश पेपरचा (वीज अडवणाऱ्या जाड कागदाचा) पत्रा घाला किंवा प्लास्टिकचे सेल-होल्डर वापरा. सेल सेलला गोंदाने चिकटवून बांधलेला पॅक उघडताना वेष्टनं हमखास निघतात, तो पॅक चालू ठेवून दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

भाकरवडी
एक शंका. घरी एए मापाचे चार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल आहेत, मुलांच्या खेळण्यांत आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये. त्यांचंही वरचं प्लास्टिक निघतंय. १.२ व्होल्टचेच तर आहेत, त्यांनाही हे सगळं लागू का?

मिलिओहम
रचना तीच, डबी मायनस आणि खांदा मायनस. धोका कमी, कारण आत पेट घेणारं द्रावण नाही, पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे. पण चांगला एए सेल शॉर्ट झाला तर तोही दहा-वीस अँपिअरच्या पुढे करंट देतो, खिशातल्या नाण्यांबरोबर मांडी भाजवायला तेवढा बास. फ्लॅशच्या कप्प्यात प्लसच्या पट्ट्या रुंद असतात, तिथे खांद्याचं वेष्टन शाबूत हवंच. २३ मिमीची स्लीव्ह चढवा. खांद्याभोवती पांढरी भुकटी दिसली तर सेल गळतोय. तो टाका, आणि हात लगेच धुवा.

गंमत म्हणजे साध्या अल्कलाइन सेलमध्ये सगळं उलटं असतं. तिथे अख्खी डबी प्लस आणि मायनस म्हणजे फक्त तळाची टोपी. म्हणून त्याचं वेष्टन तळाशी फाटलं तर बघायचं. अर्थात तो चार्ज करायचा नसतोच, संपला की टाकायचा.

सह्यभटक्या
सोलर कंदिलात निळा जाडजूड सेल असतो, ३.२ व्होल्टचा, त्याचंही तेच का? आणि ड्रोनच्या चपट्या बॅटरीचं?

कथिल
निळा जाडा सेल म्हणजे बहुतेक ३२६५० लिथियम आयर्न फॉस्फेट. डबी मायनसच, नियम तेच. रसायन जास्त सोशिक आहे, पण शॉर्टचा करंट काही कमी नसतो. चार्जर मात्र ३.६५ व्होल्टचाच, ४.२ चा लावू नका.

इन्व्हर्टरसाठीचे चौकोनी फॉस्फेट सेल अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत येतात आणि त्यांच्यात बरेचदा डबीचा संबंध प्लसशी असतो. दोन सेलमधली निळी फिल्म फाटली तर मध्ये फायबरचा पत्रा (एपॉक्सी शीट) घाला. नुसत्या फिल्मवर दोन सेल आवळून बांधायचे नाहीत.

ड्रोनची, मोबाइलची चपटी बॅटरी हा वेगळाच विषय. तिला डबीच नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ थराची पिशवी असते. बाहेरचं रंगीत प्लास्टिक फाटलं आणि चंदेरी पिशवी धडधाकट असेल तर वरून नवी स्लीव्ह. पिशवीवरच चीर, टोच किंवा फुगा असेल तर तिला पुन्हा चार्ज लावायचा नाही, विषय संपला.

भाकरवडी
आणि टाकायचा म्हणजे कुठे? घंटागाडीत?

चार्जिंगपॉइंट
घंटागाडीत नाही. कचरा दाबणाऱ्या गाडीत सेल चिरडला की तिथेच आग लागते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायची जबाबदारी आपल्यावर. महापालिकेचं ई-कचरा केंद्र किंवा बॅटऱ्या परत घेणारं दुकान. देण्याआधी सेल टॉर्चमध्ये (ती सुरक्षित असेल तर) उतरवा, दोन्ही टोकांवर टेप, एकेक सेल वेगळ्या पिशवीत. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला फिरत असतो, तो ऐकू नका. टोपी गंजते आणि आतला चार्ज तसाच राहतो, वर लोक तो संपला समजतात.

विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात टाकायचे नाहीत, हातातल्या बॅगेत आणि टोकं झाकून. खराब झालेले सेल कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. फाटक्या वेष्टनाचा सेल सुरक्षा तपासणीत काढून घेतला तर हुज्जत घालू नका.

रातकिडा
बरं, पटलं. टेपचा हट्ट सोडला. शेवटचा प्रश्न: स्लीव्ह चढवल्यावर तो सेल नव्यासारखा समजायचा का? आणि बाजारात स्वस्तात मिळणारे नवे सेल घेतले तर ही कटकटच नको.

आडकित्ता
नव्यासारखा नाही, जसा होता तसा. वेष्टन काढल्यामुळे आतली स्थिती कळत नाही. चार्ज ४.२० पर्यंत करा, २४ तासांनी व्होल्टेज टिपा, आठवड्याने पुन्हा. ०.०३ व्होल्टपेक्षा जास्त उतरला असेल तर आत कुठेतरी गळती आहे, तो बाद. कधी २ व्होल्टच्या खाली गेलेला सेलही बाद. तेवढ्या खाली आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे साचतं. दोन सेलच्या टॉर्चमध्ये नेहमी एकाच मॉडेलची, एकाच वयाची जोडी घाला.

स्वस्त नव्यांचं म्हणाल तर त्यातले पुष्कळ हे जुनेच सेल असतात, कुणीतरी नवी स्लीव्ह चढवून विकलेले. वर क्षमता ९९०० एमएएच छापलेली असते. १८६५० मापात ४००० च्या फार पुढे कुणी जात नाही, नेहमीचे चांगले सेल २५०० ते ३६०० चे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. खरा १८६५० सेल ४४ ते ५० ग्रॅम भरतो. तिशीत भरला तर आत डबीत भलतंच काही आहे. वेष्टनावर आयएस १६०४६ (बॅटरी-सुरक्षेचं भारतीय मानक) आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर सह्यभटक्यांकडचा दुसरा सेल, अंगावर ओरखडा पडलेला, नव्या स्लीव्हमध्ये त्याच्यापेक्षा बरा. पहिल्याचं सोलून खांदा बघितल्यावर ठरवा. टवका उडाला तिथे काळा डाग किंवा वितळल्याची खूण असेल तर तिथे एकदा ठिणगी पडून गेलीय, मग खाली गॅस्केट कितपत शाबूत आहे ते बाहेरून कळायचं नाही.